गाईचा झेब्रा करण्याची कृती

साहित्य: तीन काळ्या गाई, पाण्यात मिसळणारा पांढरा आणि काळा रंग, ब्रश, दावं आणि गावाची चेष्टा सोसण्याची ताकद.

गाय काळीच हवी. जपानात मांसासाठी पाळतात त्या वाग्यू गाई बहुतेक काळ्याच, आणि ही कृतीही तिथलीच, आइची प्रांतातली. तोमोकी कोजिमा आणि मंडळींनी २०१९ मध्ये ती रीतसर शोधनिबंधात मांडली. उद्देश एकच, चावऱ्या माश्या गाईपासून दूर ठेवणं. त्यासाठी अमेरिकेत गाईच्या कानात औषधी बिल्ले टोचतात. कालांतराने माश्या औषधाला सरावतात आणि बिल्ला नुसता दागिना उरतो. शिवाय तिथला सल्ला असा, की पाठीवर थव्याने बसणाऱ्या बारीक रक्तपित्या माश्या जनावरामागे साधारण २०० होईपर्यंत औषधाला हात लावू नये. मोजायच्या मालकाने. दीडशेपर्यंत पोचावं तर गाय शेपूट फिरवते, पुन्हा एकपासून.

तेव्हा रंग बरा. गाय आखूड दाव्याला बांधून अंगावर आणि पायांवर पट्टे ओढावेत. पोळ्याला बैल रंगवणाऱ्याला ब्रश धरायला शिकवायला नको. फक्त ठिपके, पंजाचे ठसे आणि मालकाचं नाव यांचा मोह आवरावा.

आता खरं कसबाचं काम. एक गाय कोरी ठेवावी आणि एका काळ्या गाईवर काळे पट्टे ओढावेत. घाईत वाचणाऱ्यांसाठी पुन्हा: काळ्या गाईवर, काळ्या रंगाने, पट्टे. रेषा सरळ यायला हव्यात, उरकून टाकू नये. माश्या पट्ट्यांना बिचकतात की रंगाच्या वासाला, हे याशिवाय कळायचं नाही. बांधावरून जाणारा कुणी थांबून ‘काय चाललंय?’ विचारेलच. त्याला ‘दिसत नाही का?’ असं उलट विचारावं. जपान्यांनी सहा गाईंना आळीपाळीने हे तिन्ही वेष चढवले.

मग अर्धा तास समोर उभं राहून मान झटकणं, कान फडफडवणं, पाय आपटणं, कातडी थरथरवणं, शेपूट मारणं, सगळं टिपावं. कोऱ्या गाईचे सरासरी ५३ झटके झाले, काळ्यावर काळं मिरवणारीचे ५४, पांढऱ्या पट्टेवालीचे ४०. अंगावर बसलेल्या माश्या तर कोरीच्या निम्म्याहून कमी. वास निर्दोष सुटला.

असं का होतं? २०१९ मध्येच इंग्लंडमधला एक अभ्यास छापून आला, त्यात झेब्रे आणि घोडे दोन्ही पाहिले होते, घोड्यांना झेब्र्याच्या झुलीही घातल्या होत्या. झेब्र्यांकडे गोमाश्या यायच्या नेहमीसारख्याच, पण उतरताना वेगच आवरायच्या नाहीत. भरलेली एसटी थांब्यावरून तशीच पुढे जावी तशा निघून जायच्या, नाहीतर येऊन धडकायच्या.

कोजिमा मंडळींना २०२५ मध्ये जीवशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा मान आहे. घरच्यांना सांगताना ‘इग’ जरा हळू म्हणावं.

सूचना: रंग काही दिवसांतच उतरतो, माश्यांचा हंगाम मात्र महिनोन्‌महिने चालतो. पावसाने उघडीप दिली की पुन्हा ब्रश. आणि गाय झेब्रा झाली म्हणून गोठा तसाच ठेवू नये. ओल्या, कुजक्या वैरणीत माश्यांची पुढची पिढी तयार होत असते. पट्टेवाल्या गाईचंही शेण रोजच काढावं लागतं.