आठच दिवस

आठदिवसे हे आडनाव बारामतीच्या मतदार यादीत शोधू नका, सापडणार नाही. ते आमच्या आळीने दिलेलं आहे. भाऊसाहेबांचं मूळ आडनाव काय, हे आता त्यांच्या पगारपत्रकालाच ठाऊक. दारावरची कडी वाजली आणि बाहेरून "आठच दिवस, सर!" असा आवाज आला, की आम्ही आतल्या आत समजतो : भाऊसाहेब आले, आणि रिकाम्या हातांनी आलेले नाहीत.

भाऊसाहेब ग्रामसेवक. नोकरी जिल्हा परिषदेची, तेव्हा बदली पाचवीला पुजलेली. आज बारामती तालुका, उद्या इंदापूर, परवा दौंड. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. भाऊसाहेबांचं बिऱ्हाड ओळखीच्यांच्या माळ्यावर असतं. प्रत्येक बदलीत थोडं सामान मागे उरतं, आणि ते मागे ठेवायचं घर त्यांनी आधीच मनात धरलेलं असतं. आमच्याकडे त्यांची एक शिवणयंत्राची मांडणी आहे (यंत्र दौंडला), एक पितळी घंगाळ आहे, मुलीच्या लग्नातल्या जेवणावळीची तीन मोठी पातेली आहेत. त्या मुलीचा मुलगा यंदा पाचवीत गेला. पातेली न्यायचा विषय काढला, की भाऊसाहेब कळवळून म्हणतात, "सर, मला काय लक्षात नाही होय? आठ दिवसांत उचलतो."

हे खोटं बोलणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. आठ दिवसांत उचलतो असं म्हणताना त्यांचा त्या आठ दिवसांवर पुरता विश्वास असतो.

गेल्या ज्येष्ठात कडी वाजली तेव्हा त्यांच्या हातात पिंजरा होता.

"इंदापूरला बदली झाली, सर. खोली बघितलीय. घरमालक रंग देतोय. रंगाचा वास याला सोसत नाही. आठच दिवस."

पिंजऱ्यात राखी रंगाचा, पिवळ्या डोक्याचा, गालावर शेंदरी टिकली लावलेला एक पक्षी होता. डोक्यावर तुरा. त्याने मला पाहिलं, तुरा ताठ केला, आणि बोर्डाच्या परीक्षेतला पर्यवेक्षक कॉपीबहाद्दराकडे बघतो तसं माझ्याकडे बघितलं.

"हा पोपट?" मी विचारलं. "हिरवा नाही?"

"हिरवा ठेवता येत नाही, सर." भाऊसाहेबांनी ग्रामसभेचा आवाज लावला. "वन्यजीव कायदा 1972. आपला देशी पोपट पाळणं गुन्हा. त्यात 2022 ची दुरुस्ती आली, 2023 च्या एप्रिलपासून लागू झाली आणि पोपट गेला दुसऱ्या अनुसूचीत. हा परदेशी. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. याला कॉकटेल म्हणतात."

खरा शब्द कॉकाटिएल. पण तो भाऊसाहेबांच्या तोंडात कॉकटेल होऊन बाहेर पडला आणि आळीत तोच रुजला. पक्ष्याचं नाव मात्र शुद्ध मराठी होतं : रावसाहेब. तुऱ्यामुळे. एका आठवड्यात आळीभर बातमी झाली की सरांकडे कोणी रावसाहेब उतरलेत आणि रोज कॉकटेल असतं. उभं आयुष्य मराठी आणि संस्कृत शिकवण्यात घालवलेल्या माणसाकडे लोक पहिल्यांदाच आदराने बघू लागले. दोघे तिघे तर दिवेलागणीला "सहज आलो" म्हणून येऊन बसले, आणि चहा पिऊन हिरमुसले होऊन गेले.

सोबत तोंडी सूचनांची यादी होती. राळा आणि बाजरी द्यायची, सूर्यफुलाच्या बिया मोजून. चोच घासायला समुद्रफेस टांगायचा. चॉकलेट बिलकूल नाही. रात्री पिंजऱ्यावर चादर, पण एक दिवा मिणमिणता ठेवायचा, कारण हा पक्षी अंधारात दचकला तर पिंजऱ्यात धडपडून पंख मोडून घेतो. आणि घरात नॉनस्टिक तवा वापरायचा नाही. तो फार तापला की त्याचा धूर पक्ष्याच्या जिवावर बेततो. ही शेवटची सूचना ऐकून हिने दिवाळीत घेतलेला डोशाचा तवा कागदात गुंडाळला आणि सासूबाईंचा बिडाचा तवा बाहेर काढला. पहिल्या दिवशी डोसा त्याला चिकटला तो चिकटलाच. "आठच दिवस आहेत," ही उलथनं खरवडत म्हणाली. घरात ते वाक्य प्रथम तिच्या तोंडून आलं, याची नोंद मी तेव्हाच करायला हवी होती.

आठ दिवस झाले. मी फोन केला.

"रंग झाला, सर. पण पालखी आली ना."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, आणि भाऊसाहेबांचं बिऱ्हाडही नेमकं त्याच रस्त्याने जायचं होतं. काटेवाडीला पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या तिच्याभोवती रिंगण धरतात. बेलवाडीला घोडे गोल धावतात. त्या गर्दीत कपाटं, गाद्या आणि पिंजरा लादलेला छोटा हत्ती घालणं हे पाप ठरलं असतं, हे मलाही पटलं.

पालखी गेली. मग म्हणे, "आखाडात घर बदलत नाहीत, सर." आखाड सरला, श्रावण लागला. "श्रावणात नव्या घरात पाऊल टाकलं असतं, पण घरात सत्यनारायण घातल्याशिवाय कसं? गुरुजींना तारीख नाही." मग गणपती. "गौरी जुन्याच घरात बसवू म्हणते ही." मग पितृपंधरवडा, ज्यात वाद घालायची सोयच नसते. हिंदू पंचांगाचा इतका सखोल अभ्यास मी एकाही पुरोहिताकडे पाहिला नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. ते दूरवरून येतात आणि मुदत संपली की काही मागे न ठेवता निघून जातात. त्याच इंदापूर तालुक्यात नोकरी करणाऱ्या माणसाने त्यांच्याकडून काही शिकू नये, याचं मला वाईट वाटायचं.

इकडे रावसाहेब रुळले. ते बोलत नसत, शिट्टी घालत. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी कुकरची शिट्टी उचलली. ही तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करते. त्यातल्या दोन रावसाहेबांच्या निघायला लागल्या आणि आमच्याकडे महिनाभर कच्ची डाळ शिजली. मग त्यांनी घंटागाडीची चाल उचलली. पहाटे साडेपाचला, चादरीखालून, सुरात. पहिल्या दिवशी आळीतल्या सात बायका आणि एक निवृत्त फौजदार हातात कचऱ्याचे डबे घेऊन रस्त्यावर उभे होते. गाडी आली नाही. आळीचा जो काही पोपट झाला, तो माझ्या नावावर जमा झाला.

फौजदार चिडले. मी घाबरून भाऊसाहेबांना फोन लावला, म्हटलं तक्रार होईल. त्यांनी धीर दिला.

"काही होत नाही, सर. 2015 ची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका म्हाताऱ्या बाईंनी तक्रार दिली, की घरच्यांनी शिकवलेला पोपट मला बघून शिव्या देतो. पोलिसांनी पोपटाला ठाण्यात बोलावलं, बाईंना समोर उभं केलं. पोपट एक शब्द बोलला नाही. गुन्हा शाबीत कसा होणार?"

"मग पोपटाचं काय झालं?"

"तो दिला वन विभागाकडे," ते म्हणाले आणि जरा थांबले. "आता तिथे किती दिवस ठेवला, ते विचारायला पाहिजे."

खरं सांगायचं, तर मला रावसाहेबांची सवय होत होती. दुपारी वर्तमानपत्र उघडलं की ते पिंजऱ्याच्या कडेला यायचे आणि मान खाली घालायचे. मानेवर बोट फिरवलं की डोळे मिटायचे. हे गाव मोरोपंतांचं. केका म्हणजे मोराची हाक, आणि पंतांनी देवाला घातलेल्या आपल्या हाकांना ते नाव दिलं. वर्गात केकावली शिकवताना मी हे तीस वर्षं सांगत आलो. पण पाखराची हाक ऐकून माणूस हातातलं काम टाकून उठतो, हे मला निवृत्तीनंतर कुकरच्या खोट्या शिट्टीने शिकवलं.

शेवटी दसऱ्याला हिनेच ठरवलं : आपणच जाऊन पोचता करू. गाडीच्या मागच्या सीटवर पिंजरा, त्याला पट्टा, वर चादर. निमगाव केतकीजवळ चहाला थांबलो, तर एक डाळिंबवाला शेतकरी काचेतून आत वाकला.

"पोपट का?"

"तसाच," मी म्हणालो.

"आम्ही पोपट हाकलून हाकलून घशाला कोरड पडते, आणि तुम्ही गाडीत बसवून आणताय. जुन्या शिक्षणाची माणसं!" त्याने डाळिंबाचे दोन दाणे आत सरकवले. रावसाहेबांनी ते खाल्ले आणि शेतकऱ्याला उद्देशून कुकरची शिट्टी घातली.

इंदापूरला भाऊसाहेबांनी हात पसरून स्वागत केलं. "आत या, वहिनी. जपून."

जपून का, ते आत गेल्यावर कळलं. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी एक जातं. "हे शिक्षक कॉलनीतल्या आजींचं, त्या लेकीकडे गेल्यात." जात्यावर एक फ्रीज, बंद. "तलाठी भाऊसाहेबांचा, त्यांची बदली झाली." भिंतीला सात खुर्च्या, तरुण मंडळाच्या. मधल्या खोलीत एक मुलगा एमपीएससीचं पुस्तक उघडून बसलेला. "हा आमच्या शिपायाचा पुतण्या. परीक्षा झाली की जाईल." मागच्या अंगणात एक शेळी. तिच्याबद्दल मी विचारलं नाही.

"हे सगळं..." मी म्हणालो.

"आठ दिवसांसाठी आलंय, सर. नाही कसं म्हणायचं? माणूस अडलेला असतो." भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून तर आपलं सामान ठेवायला घरात जागा होत नाही. ते तुमच्याकडे ठेवावं लागतं."

एवढ्या वर्षांचा हिशोब माझ्या डोक्यात एका क्षणात जुळला. आमच्या माळ्यावरची पातेली त्यांची होती, कारण त्यांच्या माळ्यावर आणखी कोणाची होती.

"आणि हा?" हिने पिंजऱ्यावरची चादर बाजूला करत विचारलं. "हा तरी तुमचाच ना?"

भाऊसाहेब पहिल्यांदाच गडबडले.

"हा... बँकेतल्या एका साहेबांचा, वहिनी. नागपूरला बदली झाली त्यांची. घर लागेपर्यंत म्हणाले, आठ दिवस." त्यांनी बोटांवर मोजलं. "चार वर्षं होतील आता दिवाळीला."

कोणी काही बोललं नाही. रावसाहेबांनी मान खाली घालून गजांतून पुढे केली, माझ्याकडे. एमपीएससीचा मुलगा पुस्तकातून बघत होता. भाऊसाहेबांनी आपट्याची पानं हातावर ठेवली, "सोनं घ्या, सर" म्हणाले. आम्हीही दिली. पिंजरा त्यांनी फ्रीजवर, जात्यापेक्षा एक मजला वर, नीट बसवला.

निघताना ही चपला घालता घालता थांबली. तिने परत आत जाऊन पिंजऱ्यावरची चादर सारखी केली, मिणमिणता दिवा कुठे लावायचा ते बोटाने दाखवलं, नॉनस्टिक आहे का ते स्वयंपाकघरात जाऊन बघून आली. मग पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली,

"भाऊसाहेब, घराला रंग काढलाय आम्ही दिवाळीचा. वास सोसत नाही त्याला. तोवर राहू द्या तुमच्याकडे."

आणि मी ऐकायला नको होतं ते पुढचं वाक्यही म्हणाली.

"आठच दिवस."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी त्यांच्याच भाषेत बोलताना भेटलं होतं.