श्रीयुत डिफॉल्टराव यांस अनावृत पत्र

श्रीयुत डिफॉल्टराव,
मुक्काम : क्लाउड कन्सोल, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ लिहिलेल्या बाणाच्या आत.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या उपकारांची जाहीर पोच द्यायची राहून गेली होती. ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या एअरफ्लोचं मॅनेज्ड क्लस्टर उभं करायला बसलेल्या माणसाला तुम्ही फारसा त्रास देत नाही. नाव काय ठेवायचं, कुठल्या रीजनमध्ये ठेवायचं, आणखी एकदोन किरकोळ गोष्टी विचारता. बाकीचं तुम्ही परस्पर ठरवता. त्याने ‘क्रिएट’ दाबून चहाला जावं. अर्ध्या तासात सगळा संसार मांडून तयार.

आणि संसार तरी केवढा! काम काय, तर रोज एक सीएसव्ही इथून उचलून तिथे ठेवायची. त्यासाठी गूगलच्या मॅनेज्ड एअरफ्लोच्या, म्हणजे कंपोझरच्या, पहिल्या आवृत्तीत, काही सांगितलं नाही तर, तुम्ही कुबरनेटीसचे 3 नोड उभे करत होता. शिवाय डेटाबेस आणि बकेट वेगळे. अमेझॉनच्या दारात नेटवर्कही त्यांच्याच तयार टेम्प्लेटवर सोपवलं, तर 2 नॅट गेटवे उभे राहतात. त्यांचं मीटर तासावर. सीएसव्ही येवो न येवो, ते फिरतच असतं.

रात्री कोणी वापरत नाही तर बंद ठेवावं, असा मध्यमवर्गीय विचार मनात आला तर त्याला तुमच्याकडे बटण नाही. ठेवा, नाहीतर उडवा. उडवल्यावरही कंपोझरची बकेट मागे राहते, त्याच्या जुन्या आवृत्त्यांत टास्कच्या रांगेची (रेडिसची) डिस्कही मागे राहते आणि अमेझॉनकडचे ते दोन गेटवे, नेटवर्क वेगळं उडवेपर्यंत, जागचे हलत नाहीत. वऱ्हाड परत गेलं तरी मंगल कार्यालयाने मांडवाचं भाडं लावत राहावं, तसा हा प्रकार. फरक इतकाच, की कार्यालयाचा मॅनेजर निदान फोन तरी करतो.

पैशांचं सोडा, वेळेचं बोलू. तुमचं घड्याळ यूटीसीवर. पुण्यातल्या पोराने ‘डेली’ लिहिलं की जॉब आपल्या पहाटे साडेपाचला उठतो. पहाटे उठणं चांगलंच, तक्रार उठण्याची नाही. तक्रार अशी, की आपल्याकडे पहाटे दोनला झालेली विक्री तुमच्या हिशेबात कालची ठरते. रोजच्या रिपोर्टात हे कोणाच्या लक्षात येत नाही. पण 1 एप्रिल उजाडतो, नव्या वर्षाचे पहिले साडेपाच तास मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात, आणि अकाउंट्सवाले हातात प्रिंट घेऊन डेटा टीमच्या टेबलापाशी येतात. डॅगमध्ये, म्हणजे जॉबच्या आराखड्यात, टाइमझोन लिहिता येतो, मान्य. पण लिहायला हवा, हे तुम्ही सांगितलंत कधी?

तुमची खरी कर्तबगारी मात्र ‘कॅचअप’मध्ये. राहिलेल्या तारखांचे रन मागून भरून काढायची ही सोय एअरफ्लो 2 पर्यंत तुम्ही चालूच ठेवली होती. कोणीतरी उदाहरणातला कोड उचलतो, त्यात स्टार्ट डेट तीन वर्षांपूर्वीची, ती बदलायची राहते. डॅगचं बटण सरकवलं, की मधल्या प्रत्येक दिवसाचा एकेक असे हजारावर रन रांगेत, एका वेळी 16. तो जॉब फाइल हलवणारा असेल तर मशीन घामाघूम होतं, एवढंच. थकबाकीचे मेसेज पाठवणारा असेल तर ग्राहक घामाघूम.

गतकाळाविषयी एवढा जिव्हाळा असलेला माणूस चालू कामाच्या बाबतीत किती निष्ठुर असावा! टास्क एकदा पडला की पुन्हा करून बघायचं नाही, रिट्राय 0. मात्र दोन प्रयत्नांमधली विश्रांती तुम्ही 5 मिनिटं राखून ठेवली आहे. प्रयत्न नाही, विश्रांती आहे. सरकारी खात्यांनी धडे घ्यावेत. टास्क पडल्याचा मेल पाठवण्याची सोय चालू, पण मूळ एअरफ्लोत तो मेल नेणारा सर्व्हर ‘लोकलहोस्ट’. तिथे सहसा कोणी राहत नाही.

हे सगळं तुम्ही दुष्टाव्याने केलंत असं मी म्हणत नाही. 2014 साली एअरबीएनबीत मॅक्सिम बोशमिन यांनी एअरफ्लो लिहायला घेतला. रोजच्या डेटाचे कप्पे भरायचे, राहिलेले मागून भरून काढायचे, हा तिथला नित्याचा उद्योग. तिथे कॅचअप चालू असणं शहाणपणाचंच. पण एका घरची रीत तुम्ही जगभरच्या घरांत नेलीत आणि कोणाला कळवलं नाहीत. एप्रिल 2025 मध्ये 3.0 आवृत्ती आली आणि कॅचअप बंद झाला. तोही रिलीज नोट्सच्या कोपऱ्यात सांगून! आता जे तुमच्या भरवशावर होते त्यांचे राहिलेले दिवस राहूनच जातात, आणि स्क्रीनवर लाल काहीच दिसत नाही.

तेव्हा मागणं फार नाही. ‘क्रिएट’च्या वरच चार ओळी ठळक छापा: टाइमझोन कुठला, कॅचअप चालू की बंद, रिट्राय किती, आणि काहीच न चालवता महिन्याला किती रुपये लागतील. ‘डिलीट’च्या वर पाचवी: मागे काय काय उरेल. ते होईपर्यंत वाचकांनी टाइमझोन, कॅचअप आणि रिट्राय आपल्या डॅगमध्ये स्वतःच्या हाताने लिहाव्यात आणि महिन्यातून एकदा बिलातल्या नॅट गेटवेच्या ओळीवर बोट ठेवून विचारावं, हा कोणाचा?

कळावे. लोभ आहेच, तो जरा कमी करावा ही विनंती.

आपला,
बिल भरणारा