आपली तक्रार निवारण्यात आली आहे

राउटरवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकू लागला की बहुधा समजावं, रस्त्यात कुणीतरी जेसीबी घातला आणि फायबर कट झाली. त्यात नवल नाही. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खणणं हा आपल्या शहरांचा कुळाचार आहे. नवल पुढेच. कस्टमर केअरमधून गोड आवाजात सल्ला मिळतो, "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." जणू जेसीबीने तोडलेलं आपल्या बटणाने सांधणार! संध्याकाळी मेसेज येतो, तक्रार निवारण्यात आली. दिवा लालच.

बरं, दाद कुठे मागायची? दूरसंचार नियामक 'ट्राय' एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी हाताळत नाही. २०१२च्या नियमांनुसार अपील करायचं ते त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. निकालाची मुदत ३९ दिवस. (चाळीस म्हणजे जरा जास्तच झाले असते.) चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर पावतीही त्यानेच फाडायची!

ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिला आहे. तेव्हा ते 'निवारणा'चे मेसेज डिलीट करू नका. पुरावा म्हणून लागतील.