जागा शिल्लक नाही

मुक्त संगणक प्रणालीत, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा लिनक्ससारख्या प्रणालीत, वेबकॅम चालू करणे ही तांत्रिक क्रिया असल्याचा समज रूढ असला, तरी वस्तुतः ती महसुली क्रिया आहे. आणि संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्यासारख्या गावात, जिथे सातबाऱ्यावरचे एक अक्षर दुरुस्त करायला चपला झिजवाव्या लागतात, तिथे ती समजण्यास मुळीच अवघड जाऊ नये.

कॅमेरा यूएसबीच्या खाचेत खोचताच प्रणाली त्याची नोंद घेते, परंतु आवक रजिस्टरात नोंद होणे आणि काम होणे या स्वतंत्र बाबी असल्याने 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली असता यादीत त्याचे नाव दिमाखात झळकते आणि पडद्यावर मात्र अमावास्या राहते. यंत्र आणि प्रणाली यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. पूर्वी जवळजवळ कॅमेरागणिक निराळा दुभाषा लागे आणि उत्पादक तो लिनक्ससाठी सहसा देत नसत, म्हणून मिशेल झार या फ्रेंच गृहस्थांनी दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांची दुभाषेगिरी जवळपास एकट्याने केली. सर्व कॅमेऱ्यांनी एकच बोली बोलावी असा 'यूव्हीसी' नामक ठराव २००३ मध्ये झाला. त्यानुसार चालणारा लॉरां पिंशार यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात २००८ साली, २.६.२६ या आवृत्तीत, दाखल झाला. ठराव आणि अंमल यांत केवळ पाच वर्षे गेली, हे तालुक्याच्या मानाने घाईचेच म्हणावे लागेल.

पुढे २०१८ पासून एका कॅमेऱ्याच्या दोन खिडक्या दिसू लागल्या: एकीवर चित्र मिळते, तर दुसरीवर चित्राविषयीची केवळ माहिती मिळते, आणि अर्जदार नेमका दुसरीपुढे उभा राहतो.

तथापि या शास्त्राचा खरा कस लागतो तो शिकवणी वर्गात, एक कॅमेरा मास्तरांवर आणि दुसरा फळ्यावर रोखला असता. पहिला चालतो, दुसरा सुरू करताच प्रणाली 'उपकरणावर जागा शिल्लक नाही' असे कळवते. डिस्क निम्मी रिकामी असताना हे उत्तर ऐकून लोक बिचारे लग्नाचे फोटो पुसत बसतात. प्रत्यक्षात इथे जागा म्हणजे तारेची वहनक्षमता होय. यूएसबी २.० ची तार सेकंदाला ४८० मेगाबिट वाहते, त्यातील कमाल ८० टक्के, म्हणजे ३८४, चित्रासारख्या अखंड वाहतुकीसाठी राखून ठेवता येतात, आणि अनेक कॅमेरे गरज असो वा नसो, प्रत्येकी सुमारे १९६ मागून मोकळे होतात. शेगावच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून अख्खे बाकडे धरणारा प्रवासी ज्याने पाहिला आहे, त्याला हे गणित सोडवून दाखवण्याची गरज नाही. रुमालावर कोणी बसलेले नसते, पण बाकडे भरलेले असते.

ड्रायव्हरला 'क्वर्क्स' या सदराखाली १२८ हा आकडा दिला, की तो रुमाल मोजून आटोपता घेतो, मात्र केवळ न आवळलेल्या चित्रांपुरता. एरवी दुसरा कॅमेरा निराळ्या तारेवर नेणे हाच उपाय उरतो. म्हणून संगणक पुढे ओढून, जाळी झटकून, कॅमेरा मागच्या खाचेत लावला जातो, आणि ती खाच आतून त्याच तारेला जोडलेली निघते.