बोट हलत नाही, मोटार पोहते

एडिसन, न्यू जर्सी
१६ एप्रिल २०२३

ति. दादा व ति. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

आई-आप्पा सुखरूप आहेत. फ्लोरिडाहून आम्ही परवा रात्री परतलो. फोटो तू ग्रुपवर पाहिलेसच, पण त्या ग्रुपवर आप्पाही आहेत आणि ते प्रत्येक ओळ चष्मा लावून वाचतात. म्हणून बुधवारच्या संध्याकाळची हकिगत पत्रानं कळवतो. तळ्याकाठच्या फोटोत आम्ही सहाजण हसतोय असं वहिनींनी लिहिलं होतं. ते हसू नाही, भूक आहे. जेवायची जागा शोधता शोधता तेव्हा दीड तास झाला होता.

आधीचे दोन दिवस डिस्नीच्या पार्कांत गेले. तिथं दुपारी काउंटरवरून ट्रे घ्यायचा आणि रिकामी खुर्ची हुडकत फिरायचं. खुर्ची मिळेपर्यंत बटाटे गार होतात. बसून जेवायची ठिकाणं आत आहेत, पण तिथली टेबलं लोक साठ दिवस आधीपासून राखून ठेवतात. आमच्या घरात साठ मिनिटं आधीही काही ठरत नाही. दोन दिवस आप्पांनी कचऱ्याच्या डब्याच्या झाकणावर ट्रे ठेवून खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीत जाहीर केलं, "आज बसून जेवायचं. खुर्ची पाहिजे आणि वाढायला माणूस पाहिजे. उभ्यानं घोडं खातं."

ही म्हणाली, मग डिस्नी स्प्रिंग्जला जाऊ. तिथं मुख्यतः हॉटेलं आणि दुकानंच आहेत, पार्कांतल्यासारखे मोठे पाळणे-बिळणे नाहीत. १९७५ साली खरेदीचं एक छोटं खेडं म्हणून ते सुरू झालं, मग वाढत गेलं, मध्ये बरीच वर्षं 'डाउनटाउन डिस्नी' होतं आणि २०१५ पासून 'स्प्रिंग्ज'. तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. आप्पांना तिथंच संशय आला. "फुकट आत सोडतात म्हणजे आत कापणार."

पार्किंगच्या बहुमजली इमारतींना फळांची नावं आहेत. ऑरेंज, लाइम आणि ग्रेपफ्रूट. आम्ही लाइममध्ये लावली. बंड्यानं आजोबांना मराठीत समजावलं, "आपली गाडी लिंबात आहे, लक्षात ठेवा." आप्पा खूश झाले. "लिंबाखाली लावली ते बरं केलं. सावली राहील."

आत निळंशार पाणी वाहतं. झरा सापडला, त्याच्याभोवती जुन्या काळी फ्लोरिडातलं एक गाव वसलं, अशी त्या जागेची गोष्ट रचलेली आहे. गोष्टही रचलेली आणि झराही. आईनं मात्र वाकून पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. आम्ही कुणी काही बोललो नाही.

पहिलं ठिकाण चिऊनं निवडलं, रेनफॉरेस्ट कॅफे. डोक्यावर ज्वालामुखी, त्यातून मधूनमधून जाळ निघतो. आत जंगल, हत्ती, माकडं, आणि थोड्या थोड्या वेळानं गडगडाट होऊन विजा चमकतात. आई दारातच थांबली. "जेवताना विजा कशाला गं बाई? आपल्याकडं वळीव आला की ताटं उचलून आत पळतात आणि ही माणसं पैसे देऊन विजेखाली बसतात." बंड्याला जवळचं टी-रेक्स हवं होतं. तिथं डायनोसॉर डरकाळ्या फोडतात आणि ठरावीक वेळानं उल्कापात होतो, ज्यात ते सगळे मेले तो. आप्पांनी शांतपणे विचारलं, "आणि जेवायला काय आहे?" बंड्याला ते ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं.

मग आप्पांनी मेनू वाचायचं काम स्वतःकडं घेतलं. तुला त्यांची रीत माहीत आहे. कारखान्याचा ताळेबंद जसा तपासायचे तसं, खालून वर. पहिल्याच दारावर त्यांना तळाची बारीक ओळ सापडली. सहा किंवा जास्त माणसं असतील तर शेकडा अठरा बक्षिशी बिलातच धरली जाईल. आप्पांनी आम्हाला मोजलं. मग पुन्हा मोजलं. "तीन-तीन बसू," ते म्हणाले. "दोन टेबलं. एकमेकांना ओळख दाखवायची नाही."

मी म्हटलं, आप्पा, हळू बोला. ते म्हणाले, "मराठीत बोलतोय." आणि नेमकी तेव्हाच मागून कुणीतरी खुदकन हसलं. पाहतो तर पुण्याकडचं वाटावं असं एक कुटुंब. ते पाचच होते.

पॅडलफिश नावाचं मत्स्याहारी हॉटेल एका जुन्या धाटणीच्या दुमजली-तिमजली आगबोटीत आहे. आप्पांना वाटलं, जेवण होईस्तोवर तळ्यात एक फेरी मारून आणतील. ती बोट हलत नाही, पूर्वीही कधी हलली नाही. पाण्याखालच्या काँक्रीटच्या पायावर १९७७ सालापासून बसलेली आहे. वॉल्ट डिस्नीच्या पत्नीच्या नावावरून तिला आधी 'एम्प्रेस लिली' म्हणायचे. "बायकोच्या नावाची बोट आणि ती जागची हलत नाही," आप्पा म्हणाले आणि आईकडं पाहिलं. आई लेगोच्या ठोकळ्यांचा तळ्यातला नाग बघत होती, म्हणून वाचले.

तेवढ्यात पलीकडून एक छोटी उघडी मोटार उतारावरून सरळ पाण्यात शिरली. आप्पांनी कठडा धरला आणि आरोळी ठोकली, "अरे धरा, धरा! गाडी गेली तळ्यात!" शंभरेक माणसांनी वळून पाहिलं. मोटारीतल्या माणसानं टोपी काढून हात हलवला आणि ती बदकासारखी निघून गेली. बोटहाउस हॉटेलवाल्यांकडं या गाड्या आहेत. १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीत बनायच्या, रस्त्यावर चालतात आणि पाण्यातही. आप्पा बराच वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. "बोट हलत नाही आणि मोटार पोहते," ते म्हणाले. "उलटं गाव आहे."

रॅगलन रोडला आम्ही जवळजवळ शिरलोच होतो. आयरिश ठिकाण, लाकूडकाम आयर्लंडमध्ये तयार करून जहाजानं आणलेलं, आणि व्हायोलिनवर अशी काही गत चालू होती की आईचा पाय ताल धरू लागला. पण पाटीवर 'पब' लिहिलेलं तिनं वाचलं. "बाजा चांगला आहे," ती म्हणाली, "पण गुत्ता तो गुत्ता." माळ घातलेली बाई, पुढं काय बोलणार?

माझी स्वतःची इच्छा होमकमिनला जायची होती. आर्ट स्मिथ या फ्लोरिडातल्याच बल्लवाचं ते हॉटेल, दक्षिणेकडचं अमेरिकन घरगुती जेवण. तळलेली कोंबडी नावाजलेली. आप्पांचा चेहरा उजळला, पण मेनू वाचता वाचता बोट एका ओळीवर थांबलं. "हे ग्रिट्स काय असतं?" ही म्हणाली, "मक्याच्या कण्या, आप्पा. शिजवून वर कोळंबी घालतात."

"कण्या?"

आणि दादा, नंतर जतकडची गोष्ट सुरू झाली. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायचं काम, रेशनवर मिळणारा लाल मिलो. तू ती माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली आहेस. पण तो मिलो अमेरिकेतून यायचा, हे त्यांनी अमेरिकेत उभं राहून प्रथमच सांगितलं. "तेव्हा यांनी जनावराचं धान्य पाठवलं ते आम्ही भाकरी करून खाल्लं. भाकरी थापताना तुटायची. माझी आई चिडायची नाही, रडायची. आता यांच्या कण्या यांच्या दारात येऊन डॉलर मोजून खाऊ होय? सुट्टीत दुष्काळ नको." आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मेनूची घडी नीट मिटून जागेवर ठेवली. मला कोंबडीचा वास येत होता, पण मी चालू लागलो.

पुढच्या दारावरची पाटी वाचून बंड्या ओरडला, "बाबा, एडिसन!" खरंच. हॉटेलचं नाव 'द एडिसन'. विजेवाल्या एडिसनचंच, ज्याच्या प्रयोगशाळेमुळं आमच्या गावाला हे नाव मिळालं. महिनाभर एडिसनमध्ये राहून, विमानाचं भाडं भरून फ्लोरिडाला येऊन पुन्हा एडिसनमध्येच जेवायचं! आत १९२०च्या सुमाराचं वीजघर उभं केलंय, मोठाली चाकं, नळ, मंद पिवळे दिवे. आप्पांनी काचेला नाक लावलं. "हा तर आपला कारखाना. हंगाम संपल्यावरचा." मग मान हलवली. "चौतीस वर्षं बॉयलरच्या धगीला डबा खाल्ला. तेव्हा कारखाना मला पगार द्यायचा."

इथं आईनं पर्स उघडून भडंगाची पिशवी काढली. बाक सगळे भरलेले होते. तळ्याच्या कठड्याला टेकून सहाजणांनी ती पिशवी पाच मिनिटांत संपवली, शेंगदाण्यांसाठी बंड्या-चिऊची हातघाई झाली. आप्पाही उभेच होते. मी घोड्याचा विषय काढला नाही. फोटो तेव्हाचा आहे.

सरतेशेवटी हॉटेल ठरवलं चिऊनं, पण आवडीनं नव्हे. तिला एकदम 'लागली'. समोर जे दार होतं त्यातून ही तिला घेऊन पळाली, त्यांच्यामागं आम्ही, आणि दारातल्या पोरीनं "सहाजण?" म्हणून विचारून टेबल दाखवलंसुद्धा. त्या जागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं झालं त्यात चूक माझी आहे. ज्वालामुखी नव्हता, डायनोसॉर नव्हता. गाद्यांच्या खुर्च्या होत्या आणि वाढायला माणूस होता. आईसाठी अळंब्यांचा रिसोतो सांगितला. आपला गुरगुट्या भातच तो, पण शिजवायला कोंबडीचं पाणी वापरतात की काय, हे हिनं वेटरला विचारलं. तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, भाज्यांचंच आहे. आईनं त्याला हात जोडले, त्यानंही जोडले. आप्पांनी भाजलेली कोंबडी मागवली. हाड नव्हतं, म्हणून "खाल्ल्यासारखं वाटत नाही" असं म्हणत सगळी संपवली. भडंगानं पोटं अर्धी भरलेली होती, त्यामुळं मुलांचं निम्मं डब्यात बांधून आणलं.

बिल आलं. मी दमलेलो होतो, खालची रिकामी रेघ दिसली, बक्षिशीचे चाळीस डॉलर लिहिले, सही ठोकली. इथं तसं न लिहिणं वाईट दिसतं, हात आपोआप चालतो.

रात्री साडेअकराला खोलीतला दिवा लागला. आप्पा पलंगावर बसून माझ्या खिशातलं बिल वाचत होते. खालून वर.

"जेवण एकशे अडुसष्ट," ते म्हणाले. "कर दहा ब्याण्णव. बरोबर आहे, साडेसहा टक्के होतात. ही तिसरी रक्कम कसली? तीस चोवीस?"

मी पाहिलं. अठरा टक्के. सहा माणसांचे. ते त्यांनी आधीच धरलेले होते आणि त्याच्यावर मी वेगळे चाळीस दिले होते.

"म्हणजे बक्षिशी सत्तर डॉलर चोवीस सेंट," आप्पा म्हणाले आणि डोळे मिटले. कागद-पेन्सिल नाही, तुला माहीत आहे. "शेकडा एक्केचाळीस ऐंशी. अरे, आमच्या सोसायटीत थकबाकीला एवढं व्याज नव्हतं!" थोडा वेळ गेला. मला वाटलं झोपले. मग अंधारातून आवाज आला, "तीन-तीन बसा म्हटलं होतं."

बिल त्यांनी डायरीत घडी करून ठेवलंय. सांगलीला आल्यावर ते तुझ्यापुढं येईल. तेव्हा दादा, चेहरा गंभीर ठेव आणि रुपयांत किती होतात ते विचारू नकोस. ते त्यांनी काढलेलं आहे, पावणेसहा हजारांच्या आसपास, आणि विमानतळापासून घरापर्यंत त्यांनी ते मला तीनदा सांगितलं.

मुलांना आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. भडंग संपलं. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दोन किलो पाठव. आप्पा म्हणतात, शेंगदाणे जास्त घालायला सांग.