सहलीचे कारभारी

आनंदाचा उपभोग घेणारी माणसे कोणत्याही घरात सापडतात. परंतु त्या आनंदाची तजवीज करण्यातच ज्याला प्रत्यक्ष उपभोगाहून अधिक गोडी वाटते असा एक गृहस्थ आमच्या मध्यमवर्गीय वस्तीत दर इमारतीमागे निदान एक असतोच, आणि सुट्टीचे दिवस जवळ येऊ लागले की जिन्यात भेटल्यावर त्याच्या कपाळावरील आठ्यांवरूनच त्याची ओळख पटते. हे सहलीचे कारभारी. वय चाळिशी ओलांडलेले; नोकरी बँकेत, विमा कचेरीत किंवा जिल्हा परिषदेत, म्हणजे जेथे कोणतीही गोष्ट घडण्याआधी तिची दरखास्त, छाननी, मंजुरी आणि बारनिशी व्हावीच लागते अशा एखाद्या ठिकाणी; आणि पदरी एक चिरंजीव, ज्याचा अपराध एवढाच की तो वाढतो आहे.

हा अपराध लहान समजू नये. माथेरानला किंवा महाबळेश्वरला मुलाच्या वाढीचे सोयरसुतक नसते. तो डोंगर चार वर्षांच्या मुलाला जेवढा, तेवढाच चौदा वर्षांच्याला. थीम पार्कचे शास्त्र निराळे. तेथे मोठ्या राइडच्या तोंडाशी एक रेषा रंगवलेली असते, तिच्या खाली डोके राहिले तर आत प्रवेश नाही. आणि तिकिटाच्या खिडकीपाशी दुसरी एक रेषा असते, तिच्या वर डोके गेले तर सवलत नाही. या दोन रेषांच्या कैचीतून चिरंजीवांचे मस्तक नेमके कोणत्या सुट्टीत सुखरूप पार पडेल, याचे गणित हाच गेल्या काही वर्षांतील कारभाऱ्यांचा प्रधान व्यासंग होय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मुलाला कपाटाला पाठ लावून उभे करतात, केस तळहाताने दाबतात, टाचा तपासतात आणि निष्पन्न झालेला आकडा वहीत चढवतात. मूल उंच व्हावे म्हणून प्रत्येक बाप दूध पाजतो. परंतु सवलतीची रेषा दोन बोटांवर आली की दुधाच्या पेल्याकडे संशयाने पाहणारा बाप मी यांच्याखेरीज दुसरा पाहिला नाही. "अहो, त्याला जेवू तरी द्या," असे सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणतात, तेव्हा त्या वाक्यात थट्टा किती आणि भीती किती, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

उंचीहून वयाचा प्रश्न अधिक नाजूक, आणि त्या क्षेत्रात यांचे अध्ययन थेट आंतरराष्ट्रीय आहे. फ्लोरिडातील डिस्ने वर्ल्डमध्ये मूल दहाव्या वाढदिवशी प्रौढ होते, हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये बाराव्या, सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत तेराव्या, आणि भारतीय कायद्याने अठराव्या. स्पेस माउंटन नावाच्या एकाच राइडला कॅलिफोर्नियात चाळीस इंचांचे मूल चालते आणि फ्लोरिडात चव्वेचाळीस इंचांचे लागते, हेही त्यांच्या वहीत नोंदलेले आहे. या दोन्ही प्रांतांशी त्यांचा जन्मात संबंध येण्याची चिन्हे नाहीत ही गोष्ट अलाहिदा. आपल्या रेल्वेने तर कमालच केली आहे, असे ते म्हणतात: बारा वर्षांपर्यंतचे मूल बसून प्रवास करील तर अर्धे, पण २१ एप्रिल २०१६ पासून त्याच्यासाठी स्वतंत्र बर्थ मागितला तर पाच वर्षांचे पोरही पूर्ण भाड्याला पात्र, इत्यर्थ असा की भारतीय रेल्वेत मूल आडवे झाले की मोठे होते. उद्यानांपुरती बालपणाची मुदत सिंगापुरात सर्वांत दीर्घ असल्यामुळे त्या देशाच्या राज्यकारभाराविषयी त्यांना नितांत आदर आहे. विमानाचे दर पाहिल्यापासून तो आदर त्यांनी इथूनच व्यक्त करण्याचे ठरवले आहे.

कारभाऱ्यांचा हा स्वभाव वंशपरंपरागत आहे, असे मानण्यास जागा आहे. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा ते स्वतः शाळकरी होते, आणि घरी परत जाण्यास साफ नकार देणारे जाहिरातीतील ते पोर दूरदर्शनवर दिसू लागल्यापासून त्यांनीही वडिलांकडे अर्ज गुजरला होता. वडिलांनी तो नामंजूर केला नाही; पुढील सुट्टीसाठी राखून ठेवला. राखून ठेवलेला तो अर्ज वारसाहक्काने आमच्या कारभाऱ्यांकडे आला आणि चिरंजीव पाळण्यात असतानाच त्यांनी त्यावर कारवाई आरंभली. बोरिवलीपर्यंत गाडी, खाडीवर लाँच, भरती-ओहोटीच्या वेळा, परतीचा शेवटचा फेरा: कागद वाढत गेले, मूल वाढत गेले, आणि २०२२ साली, प्रस्ताव अंतिम मंजुरीच्या टप्प्यावर असताना, ते उद्यानच बंद झाले. याचे त्यांना दुःख झाले खरे. पण त्या दुःखात, आपल्याकडून काहीही राहून गेले नव्हते, उद्यानच कमी पडले, असा एक समाधानाचा सूर मला स्पष्ट ऐकू आला.

तेव्हा उरले ते खोपोलीचे इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेल्या या उद्यानात राजासॉरसच्या नावाची एक जलसफर आहे. गुजरातेत ज्याच्या अस्थी सापडल्या आणि २००३ साली ज्याचे नर्मदेच्या नावाने शास्त्रोक्त बारसे झाले, तोच हा आपला देशी डायनासोर. चिरंजीव पाच वर्षांचे असताना जेवताना, झोपताना आणि शौचास जातानाही डायनासोरचाच जप करीत. ती आवड लक्षात घेऊन कारभाऱ्यांनी त्या सफरीला कार्यक्रमपत्रिकेत अग्रस्थान दिले, आणि पुढे सहा वर्षे ते तसेच राहिले. मधल्या काळात डायनासोर जाऊन आगगाड्या आल्या, आगगाड्या जाऊन क्रिकेट आले, आणि आता ज्या कशाचे वेड आहे ते मोबाइलच्या पडद्याआड असल्यामुळे वडिलांना कळत नाही. सहल अशा रीतीने नेहमीच एका अशा मुलासाठी आखली जाते, जो त्या घरात आता राहत नसतो. हे मी एकदा भीत भीत सुचवून पाहिले. त्यांनी वही उघडून मला नोंदीची तारीख दाखवली.

मोहिमेत खरी भर पडली ती मातोश्रींमुळे. खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक, आणि उद्यान ज्या खोपोली-पाली रस्त्यावर आहे त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर. म्हणजे अष्टविनायकांपैकी दोघे जण वाटेवरच उभे. "एवढं जातोच आहोत तर..." एवढेच त्या म्हणाल्या, आणि ते वाक्य पुरे करण्याची गरज महाराष्ट्रात कोणालाच पडत नाही. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर तीर्थे घडावीत म्हणून जे यात्रेकरू उत्तरेत निघाले, त्यांच्या ओझ्याने पानिपतच्या मोहिमेचे काय झाले हे कारभाऱ्यांना पाठ आहे. तरीही आईपुढे इतिहासाचे काही चालत नाही. मात्र याच तडजोडीतून त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत तेजस्वी शोध लागला. खोपोलीपर्यंत लोकल आणि पुढे एस. टी. असा बेत धरला, तर १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट असल्यामुळे सौभाग्यवती अर्ध्या. मातोश्रींनी पंचाहत्तरी ओलांडलेली असल्यामुळे त्या फुकट. चिरंजीव बाराच्या आतले म्हणून अर्धे. एवंच त्या संपूर्ण कुटुंबात पूर्ण मनुष्य असे ते एकटेच. हा हिशेब त्यांनी मला जिन्यात ऐकवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी अभिमान आणि एकाकीपण अशा दोन्ही छटा होत्या.

सौभाग्यवतींची तयारी अर्ध्या तासात झाली. अशा बहुतेक उद्यानांच्या दाराशी बाहेरचे खाद्यपदार्थ अडवतात हे त्यांना ठाऊक होते, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या त्यांनी लोकलमध्येच सर्वांना खाऊ घातल्या आणि प्रश्न निकालात काढला. त्या विषयावरील कारभाऱ्यांचे तीन पानी टिपण वाचण्याचा प्रसंगच आला नाही.

प्रत्यक्ष दिवशी, जन्मभर एस. टी.त अर्ध्या तिकिटासाठी ज्याला गुडघे किंचित दुमडायला शिकवले, त्या मुलाला खिडकीपाशी वडिलांनी खुणेने आखडायला सांगितले, आणि तो सवयीने आखडला. खिडकीतल्या माणसाने एकदा मुलाकडे व एकदा बापाकडे पाहिले आणि दयाबुद्धीने सवलत दिली. पुढे अवघ्या काही पावलांवर नायट्रो या रोलर कोस्टरच्या फाटकाशी त्याच मुलाला त्याच बापाने, "ताठ राहा, मान वर कर, श्वास ओढून धर," असा उलटा हुकूम दिला. पाठीचा कणा हा कागदोपत्री इकडून तिकडे फिरवण्याचा दाखला नव्हे, हे त्या मुलाच्या ध्यानात तेव्हाच आले असावे असा माझा तर्क आहे. कारण त्याने वडिलांकडे न पाहता रेषेला खांदा लावला, आणि डोके तिच्यापेक्षा चांगले दोन बोटे वर निघाले.

कारभारी बरोबर जाणार होते, पण ते सूचनाफलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे गृहस्थ. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे: यांपैकी दोन कलमे त्यांना निःसंशय लागू होती आणि तिसरे लागू व्हावे अशी त्यांची त्या क्षणी तीव्र इच्छा झाली. ते बाकावर पिशव्या सांभाळत बसले. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांवर फिरत असताना आपण असेच बाकावर बसून राहत असू, आणि बापांनाही काही करता येईल अशी जागा असावी हा विचार तेथेच सुचला, असे वॉल्ट डिस्ने यांनी सांगून ठेवले आहे. त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभे राहिले. तरीही बाप बाकावरच आहेत. फार तर बाकांची संख्या वाढली, असे म्हणता येईल.

पायांखाली फळी नसलेल्या त्या गाडीत बसून, उलटा-सुलटा होऊन, चिरंजीव खाली आले ते निराळेच. ओरडण्याने घसा बसला होता, आणि जलसफरीचा डायनासोर त्यांनी आजीला सोबत म्हणून, वडीलधाऱ्या माणसाच्या समजूतदारपणाने पाहिला. संध्याकाळी पालीचे दर्शन झाले, आजींची मनोकामना पूर्ण झाली, आणि खोपोलीकडे परतणाऱ्या एस. टी.त वाहक समोर येऊन उभा राहिला. कारभाऱ्यांनी सराईतपणे मांडणी केली: "एक फुल, दोन हाफ, आणि हे आईचं कार्ड."

"मला फुल," चिरंजीव उभे राहून म्हणाले. "मला मागच्या मंगळवारी बारा पूर्ण झाली."

कारभाऱ्यांच्या दप्तरी तो मंगळवार अजून उजाडलेला नव्हता. सौभाग्यवती खिडकीबाहेर पाहू लागल्या. मातोश्रींनी नातवाच्या पाठीवर हात फिरवला. वाहकाने दोन पूर्ण तिकिटे फाडली. कारभाऱ्यांनी निमूट पैसे दिले, वही काढली, आणि त्या हेलकाव्यांतही सुवाच्य अक्षरांत, 'अनपेक्षित खर्च' या सदराखाली, मुलाचे पूर्ण नाव लिहिले.