बाग फक्त बघण्यासाठी : माथेरानच्या एका बंगलेमालकांस उघडं पत्र

सन्माननीय मालकसाहेब,



आपल्या माथेरानच्या ऐतिहासिक बंगल्यात सहकुटुंब सहपरिवार राहण्याचं भाग्य लाभलं, त्याबद्दल जाहीर आभार मानावेत म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण झालेला आनंद पाकिटात मावण्यातला नाही.

यायचं निमित्त साधं होतं. मावशीचं सहस्रचंद्रदर्शन. पुणे, नाशिक, ठाणे इथली झाडून सगळी माणसं, शिवाय रजा टाकून न्यू जर्सीहून आलेली भाची, अशा सगळ्यांनी एका छपराखाली राहावं आणि संध्याकाळी बागेत मावशीला खुर्चीवर बसवून एक्याऐंशी पणत्यांनी ओवाळावं, एवढीच हौस. हॉटेलच्या हॉलात हे होत नाही. आपल्या जाहिरातीत मात्र स्पष्ट छापलं होतं : ‘दीड एकराची जुनी बाग, फक्त तुमच्यासाठी.’

इतर गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही. गरम पाणी सकाळी सात ते साडेसात, हे साहेबी शिस्तीला धरूनच आहे. गाद्या बंगल्याच्याच वयाच्या आहेत. वारसा नुसता डोळ्यांना कशाला, पाठीलाही कळायला हवा. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी माकडांनी नेली, पण माकडं काही आपल्या नोकरीत नाहीत. दिवाणखान्यातला फलक तर मला फारच आवडला. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान ‘शोधलं’ (म्हणजे ठाकर-कातकऱ्यांच्या कैक पिढ्या या जंगलात वावरून झाल्यावर), आणि ते आपल्या व्हरांड्यात चहा प्यायले, असं त्यावर लिहिलंय. पहिल्याच ओळीत बंगल्याच्या बांधकामाचं साल 1894 दिलंय. कलेक्टरसाहेब चहासाठी चव्वेचाळीस वर्षं ताटकळले असणार. आपल्याकडची सेवा पाहता हे अगदी शक्य वाटतं.

आता बागेकडे येतो.

दस्तुरी नाक्यावर गाड्या सोडून, अमन लॉजहून शटल पकडून, हमालांच्या डोक्यावर सामान देऊन आम्ही पोहोचलो. जांभ्याचे चिरे, तांबडी माती, हिरड्याची आणि जांभळाची उंच झाडं, त्यांच्याखाली बिडाचा एक जुना बाक. मावशी सरळ त्या बाकावर जाऊन बसली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती कुठे आपणहून बसली की आम्ही सगळे निश्चिंत होतो.

इतक्यात एक तरुण धावत आला. “आजी, जरा फ्रेममधून बाजूला होता का?”

मागे वळून पाहतो तर फाटकातून घोडा आत येतोय आणि घोड्यावर एक झगा. झग्यात कुठेतरी नवरी असावी. मोटारींना बंदी असलेल्या गावात तेवढा लांब झगा घोड्यावरून यावा, हे मला मान्य. पाठोपाठ छत्र्या, दिवे, स्पीकर आणि ड्रोन. प्री-वेडिंग शूट! सकाळी एक जोडपं, दुपारी दुसरं आणि संध्याकाळच्या ‘गोल्डन अवर’ला तिसरं. ‘फक्त तुमच्यासाठी’ यातले ‘तुम्ही’ नेमके कोण, ते आम्हांला तेव्हा उमगलं.

मावशी उठली. “उठते बाबा, आम्ही अजून ऐतिहासिक झालो नाही,” एवढंच म्हणाली.

मग आमच्या अख्ख्या कुटुंबानं व्हरांड्यात ओळीनं बसून बाग पाहिली. एक मुलगा झग्याचा शेव हवेत भिरकावून चपळाईनं झाडामागे लपत होता. नवरा मुलगा तीच पाच पावलं पुन्हा पुन्हा धावत होता आणि छायाचित्रकार ओरडत होता, “दादा, आणखी एकदा, थोडं नॅचरल!” आमची धाकटी पोरं चेंडू घेऊन उतरू लागली की आपला माळी शिट्टी फुंकायचा. थोड्या वेळानं तोच तरुण परत आला. त्याला मावशीची नऊवारी आवडली होती. “आजी, बाकावर येऊन बसता का? तुम्ही मागे ब्लर दिसाल, एकदम विंटेज लूक येईल.” मावशीनं चष्मा पुसला आणि विचारलं, “मानधन किती?”

आम्ही हसलो, मालकसाहेब. संध्याकाळपर्यंत आम्ही हसतच होतो.

मग पणत्या काढल्या. तिसरं जोडपं अजून हलायचं होतं. त्यांच्या हातांत धुराची नळकांडी, एक गुलाबी आणि एक निळं. ती फुटली आणि सगळी बाग रंगीत धुरानं भरून गेली. मावशीला खोकल्याची उबळ आली. ड्रोनच्या घरघरीनं सकाळपासून शेकरूनं तोंड दाखवलं नव्हतंच. जोडपं एकदाचं गेल्यावर आम्ही तबक घेऊन पायरी उतरलो, तर आपला व्यवस्थापक प्लॅस्टिकचं आवरण घातलेला नियमांचा कागद घेऊन आडवा आला. नियम चौदा : ‘वारसा परिसरात उघडी ज्योत लावण्यास सक्त मनाई.’

इथे माझी विनोदबुद्धी संपते. पणतीला बंदी आणि धुराच्या नळकांड्याला परवानगी? 2003 पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, हे आपल्याच फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तो धूर काय समईचा होता? एक्याऐंशीव्या वर्षात असलेल्या बाईला आम्ही जेवणघराबाहेरच्या बोळात, पंखा बंद करून, चपलांच्या स्टँडशेजारी बसवून ओवाळलं. लाज वाटली, साहेब. आम्हांला वाटली, खरं तर ती आपल्याला वाटायला हवी होती.

रात्री पंप बंद पडला म्हणून आपण स्वतः आलात. हातात बॅटरी, पायांत रबरी चपला. आपल्याला दोन शब्द सुनवायचेच, असं मी ठरवलं होतं. पण पंप उघडता उघडता आपणच बोलू लागलात. जमीन सरकारी भाडेपट्ट्यावरची, बंगला चुलतभावंडांच्या सामाईक नावावर, त्यातली निम्मी परदेशात; एक वासा बदलायचा तरी सगळ्यांची संमती हवी आणि पैसे मात्र आपल्या एकट्याचे. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दर पावसाळ्यात निळी ताडपत्री, दर दिवाळीत कौलं. सिमेंटचं पोतंसुद्धा घोड्याच्या पाठीवर यायचं, त्यामुळे खालच्या भावात वर काही मिळत नाही. आमच्या अख्ख्या गोतावळ्याच्या मुक्कामाला जेवढे पैसे मिळतात, त्याहून जास्त एका जोडप्याच्या अर्ध्या दिवसात मिळतात. आपण स्वतः मागच्या नोकरांच्या दोन खोल्यांत राहता. आणि सहज म्हणालात, “बागेत मी शेवटचा कधी बसलो, आठवत नाही.”

माझ्या रागाची फार पंचाईत झाली.

म्हणून आता भांडत नाही, सुचवतो. हा बंगला विकू नका. आपण सोडलात तर इथे काचेचं काहीतरी उभं राहील आणि त्याच्या दारावरही ‘हेरिटेज’ अशीच पाटी लागेल. शूटिंगवाल्यांकडून दुप्पट भाडं घ्या. ज्याला घोड्यावरून झगा आणणं परवडतं, त्याला तेही परवडेल. धूर आणि ड्रोन आजपासून बंद करा. बाग संध्याकाळी पाचनंतर मुक्कामी माणसांची, असं जाहिरातीत छापा आणि तसंच वागा. घर बांधणाऱ्यानं तो बाक बसण्यासाठी ठेवला होता. तिथे कोणी बसलंच नाही, तर आपण कौलं नेमकी कशासाठी शाकारता?

आणि एक राहिलं. निघताना आपल्या व्यवस्थापकानं अनामत रकमेतून पंधराशे रुपये कापले, ‘ऐतिहासिक कपाची दांडी तुटल्याबद्दल’. आपल्या कौलांसाठी मी ते आनंदानं सोडलेही असते. पण तो कप मी उलटा करून पाहिलाय. बुडाशी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असं छापलंय. 1894 च्या मानानं ही फारच दूरदृष्टी झाली. तेव्हा पैसे परत पाठवावेत.

कळावे. लोभ राहील की नाही, ते रक्कम खात्यात जमा झाल्यावर कळवतो.

आपला,
व्हरांड्यातला एक पाहुणा